बटणांमधला वोइनशेतचा आवाज

मी एक जुनं टूलकिट आहे. नाव ऐकून पाना-पक्कड शोधू नका मित्रांनो, मला हातात धरता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर तुम्ही जी बटणं दाबता, ज्या चौकटीत नाव लिहिता, ती माझ्यात तयार असतात. ज्याला हवी त्याने न्यावीत, बदलावीत, दुसऱ्याला द्यावीत. मी कुणा एकाच्या मालकीचं नाही, याची मला केवढी ऐट होती!

माझा जन्म इथिओपियातल्या बहिर दार शहराच्या अंध शाळेतला. वोइनशेत आणि अस्रात या दोघांनी मला घडवलं. तिथले मास्तर ताफेसे यांना दिसत नसे. दोघं त्यांना आदराने गाशे म्हणत. त्यांच्यासाठी वोइनशेतने माझ्या प्रत्येक बटणाला स्वतःचा आवाज दिला. बोट ठेवलं की मी तिच्या आवाजात, तिथल्या अम्हारिक भाषेत सांगायचो, "जतन करा", "मागे जा". मुलं आपला पेपर आपण लिहू लागली.

रोज दुपारी तिथल्या रीतीने तीन कप कॉफी व्हायची, सोबत मक्याच्या लाह्या. पहिल्या कपाला अस्रात नवा बदल दाखवी, दुसऱ्याला भांडणं होत. तिसरा कप बेरेका, म्हणजे आशीर्वादाचा. तेव्हा मास्तर पडदा बंद करायला लावत आणि नुसत्या कानांनी मला तपासत. त्यांनी मान डोलावल्याशिवाय माझ्यात कोडची एक ओळ शिरत नसे.

"गाशे, झालं की आता! कॉफीचं पार पाणी झालंय," अस्रात कुरकुरायचा.

"मग पाणी पी. ते 'मागे जा' पुन्हा ऐकव. आपली वोइनशेत शिंकलीय त्यात!"

मुलांना ती शिंक इतकी आवडली, की ती तशीच राहिली.

मग परदेशातल्या एका मोठ्या फोन कंपनीने मला आधार दिला. दोघांना राजधानी अदिसमध्ये, कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळाली. मी देशभरच्या फोनांत पोचलो, माझं कौतुक झालं, मी हुरळून गेलो. कचेरीत कॉफीचं यंत्र होतं. उभ्याउभ्या एकच कागदी कप, तेवढ्यात बैठक संपे.

अशाच एका बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे बोलणं वापरतं कोण?" मोजणी इंटरनेटवरून व्हायची आणि शाळेत इंटरनेट नव्हतं. उत्तर आलं, कुणीच नाही. "मग हे ओझं कशाला? काढून टाका."

वोइनशेतला सगळं ठाऊक होतं. "पुढच्या खेपेला परत घालू," असं पुटपुटत तिने आपल्याच हाताने आपला आवाज माझ्यातून काढला. मला ओरडायचं होतं हो, पण ओरडणार कशाने?

पुढची खेप आलीच नाही. कंपनीने दुसरं टूलकिट धरलं आणि माझं काम थांबवलं. अस्रात परदेशी गेला. वोइनशेतला वेगळ्याच कामाला जुंपलं.

काही वर्षांनी शाळेचे जुने संगणक बंद पडले. नव्यांवर माझं जुनं रूप चालेना, म्हणून वोइनशेत दोन दिवसांची रजा काढून मला बसवायला आली. मास्तरांनी सवयीने पडदा बंद केला, बटणावर बोट ठेवलं, कान पुढे केला. पुन्हा ठेवलं.

"आवाज वाढव गं पोरी."

ती रडायलाच लागली. "गाशे, आवाज मीच काढला."

मास्तरांनी बटणावरचं बोट उचललं. "सोमवारी परीक्षा आहे. सतरा मुलं आहेत. परत घालायला किती दिवस?"

"नव्या रूपात तो बसवायला एकटीला काही महिने लागतील. आणि माझी रजा उद्या संपतेय."

त्यांनी चाचपडत तिसरा कप तिच्यापुढे सरकवला. "बेरेका तरी घेऊन जा." तिच्याने तो पिववला नाही.

मित्रांनो, माझं दार अजून उघडं आहे. तो आवाज जुन्या प्रतीत तसाच पडून आहे, शिंकेसकट. रोज कितीतरी जण मला फुकट घेऊन जातात. त्यांतल्या एखाद्याने तरी थोडं थांबावं, पडदा बंद करून मला ऐकावं. कुणीतरी मोठा मला सांभाळेल असं धरून मला विसरू नका रे.

त्या सोमवारी सतरा मुलांनी आपली उत्तरं दुसऱ्यांना सांगून लिहून घेतली. अजूनही त्यांतली काही 'मागे जा'वर बोट ठेवतात आणि शिंकेची वाट बघत बसतात.