दुसऱ्या पेल्यातले पाणी

गट कृषी कार्यालयाच्या फळ्यावरील सूचनेत तीन विधाने होती. पुरवलेले जस्ताचे खत प्रयोगशाळेत शुद्ध ठरले आहे. त्याचा नमुना सीलबंद पोत्यातून विधिवत घेतला होता. भाताची रोपे करपली ती महिलांनी चुना न मिसळता जस्त फवारल्यामुळे. सबब पोती बदलून मिळणार नाहीत. खाली निरीक्षक चिलवाल यांची सही होती, आणि ती सूचनेतील एकमेव ठाम गोष्ट होती.

नरवती राणाने सूचना दोनदा वाचली. गावातल्या सव्वीस घरांनी तिच्या शब्दावर ते जस्त नेले होते, आणि लावणीला जेमतेम दहा दिवस उरले होते.

हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतल्या त्या थारू आदिवासींच्या गावात चुन्याशिवाय जस्त फवारणारी बाई शोधणे हे थोर संशोधन ठरले असते. तिथे चुना संध्याकाळी भिजत पडतो आणि सकाळी वरची निवळीच घेतली जाते. हे सासू सुनेला चूल दाखवण्याच्या दिवशीच सांगते. शिवाय फवाऱ्याने भाजलेले पान टोकाकडून वाळते. इथे खालच्या पानांवर काताच्या रंगाचे ठिपके होते आणि कोवळी पाने बुडाशी पांढुरकी पडली होती. तो खैरा रोग होता. पाणथळ, चुनखडीच्या मातीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही, तेव्हा भात असे दिसते. रोपे जळली नव्हती, उपाशी होती. सव्वीस घरांनी त्यांना आठवडाभर नेमके काय खाऊ घातले, हे सूचनेत नव्हते.

उत्तर सोनकली काकीच्या चुकीने दिले. नरवती तिच्या परसात पोचली तेव्हा काकीने नुसते जस्त विरघळवलेल्या बादलीतच भिजवून गाळलेले डीएपी खत ओतले होते.

"काकी, दोन्ही एकत्र? डोकं ठिकाणावर आहे का?"

"दोन खेपा कोण घालणार, तुझा सासरा?"

"आता त्याचं दही होईल. जस्त सगळं बुडाशी बसेल. तेच खा मग भाताबरोबर."

"कुठं होतंय दही? बघ की. तुझ्या काकाच्या नजरेपेक्षा साफ आहे."

नरवतीने बादलीत हात घालून ढवळले. पाणी स्वच्छच राहिले. 

"काकी," ती हळू म्हणाली, "हे पाणी सांडू नको."

दुसऱ्या दिवशी चिलवालसाहेबांच्या टेबलावर तिने चहाचे दोन पेले मांडले. पहिल्यात गेल्या वर्षीचे उरलेले जस्त विरघळवले, दुसऱ्यात नव्या पोत्यातले. मग दोन्हींत डीएपीचे पाणी ओतले. पहिल्यात लगेच पांढरा, दाट साका धरला. दुसऱ्यात काहीच झाले नाही.

"हे मॅग्नेशियमचं मीठ आहे, साहेब. स्वस्त असतं. दिसायला भाऊच जस्ताचा."

"बाई, पेल्यांवर सरकार चालत नाही. माझ्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल आहे."

"अहवाल खराच असेल. प्रयोगशाळेला जे दिलं ते जस्तच होतं. मी एवढंच विचारते, ते आलं कुठल्या पोत्यातून? गोदामात पोती सगळी बघितली मी, घरी नेली तीही शिवलेलीच होती. एकाचीही शिवण उसवलेली नाही, नमुन्याची चिठ्ठी कुठेच नाही."

साहेबांनी दुसरा पेला उजेडात धरला, जणू पाण्याला अजूनही सुबुद्धी सुचेल. दाराशी पाय पसरून बसलेली काकी म्हणाली:

"नमुना कसा घेतला ते लेखी द्या साहेब. आम्हाला तर चुना कळत नाही, म्हणून सगळं लिहूनच लागतं."

चिलवाल यांनी लिहून दिले. ते दडवायचे काही आहे असे त्यांना वाटलेच नसावे. तो कागद त्याच फळ्यावर, सूचनेशेजारी लागला, आणि सव्वीस घरांना नवी पोती त्याच कागदावर मिळाली. कागदावरचा मजकूर असा:

"नमुना पोत्यातून काढायचा असतो हे मला ठाऊक आहे. परंतु पोती शिवलेली होती, आणि पुरवठादाराने नमुन्याची बाटली भरूनच आणली होती. मी तिच्यावर सील लावले."