जीभसाहेबांची सहल

सॉस आणि सूपच्या कारखान्यात सगळे त्याला जीभसाहेब म्हणायचे. वीसेक वर्षं प्रत्येक खेप बाटलीत भरण्याआधी त्याच्या चमच्यातून जात आली होती. त्याने मान हलवली की माल बाहेर, नाक मुरडलं की माल गटारात. आणि त्याच जिभेला गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर काही म्हणता काही कळेनासं झालं होतं. तिखट नाही, गोड नाही, वास तर नाहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसली येतेय!

हे ठाऊक होतं फक्त बायकोला. कारखान्यात तो मदतनीस मुलीला आधी चाखायला लावायचा आणि तिच्या भुवया बघून निकाल द्यायचा. निभत होतं. पण मध्यंतरी ती मुलगी रजेवर गेली आणि सॉसची एक कडू खेप जीभसाहेबांनी मान हलवली म्हणून बाहेर पडली, ती तक्रारींसकट परत आली. तेव्हापासून साडू त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागला होता. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, त्याच कारखान्यात माणसं ठेवायचं-काढायचं बघणारा साहेब. शनिवार-रविवारची ही सहल त्यानेच काढली. दोन्ही जोडपी, परकं कुणी नाही.

"खायचं कुठं, प्यायचं कुठं, सगळं तुम्ही ठरवायचं, साडूभाऊ," तो म्हणाला. "घरात एवढी जीभ असताना आम्ही कशाला डोकं चालवू?"

जीभसाहेबांना हे टाळायचं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? नोकरी जाणार, आणि नोकरीपेक्षाही तो 'साहेब' जाणार. या वयात बिनचवीच्या चाखणाऱ्याला कोण उभं करणार दारात?

तोड बायकोनेच काढली. "मी आधी खाईन. टेबलाखाली पाय एकदा दाबला की चांगलं, दोनदा दाबला की बिघडलंय. पुढचं तुम्ही बोलण्यात सांभाळा. बोलण्यात कुठे कमी आहात?"

तो "बरं" म्हणाला. आभार मानायची पद्धत त्या घरात नव्हती. त्या घरात पद्धत होती ती पहिल्या घासाला ताट सरकवायची. "मीठ," एवढंच बोलायचा तो, नाहीतर "करपलं." पाहुणे असोत, सासरची माणसं असोत, भीड म्हणून नाही. बायकोने त्यावर रडणं केव्हाच सोडून दिलं होतं.

शनिवारी दुपारी चौघं गावात हिंडायला निघाले. चौकातल्या मोठ्या हॉटेलाबाहेर पदार्थांच्या फोटोंचा हा भला मोठा फलक. मेहुणी थांबली, तर याने हात झटकला. "ज्यांना जेवणाचे फोटो लावावे लागतात त्यांच्याकडे जेवण नसतं." मग बाजूच्या गल्लीत शिरून त्याने एक जागा हेरली. चार खुर्च्या चार जातींच्या, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, दोन टॅक्सीवाले मान वर न करता जेवतायत आणि कोपऱ्यात एक म्हातारा पावाच्या तुकड्याने ताटली पुसून काढतोय. "इथं!" तो म्हणाला. जागा हेरायला जीभ लागत नाही, डोळे पुरतात, आणि डोळे त्याचे शाबूत होते.

मटण आलं. बायकोने घास घेतला, पाय एकदा दाबला. "मंद आचेवर शिजलंय," याने डोळे मिटून निकाल दिला. "घाई केलेली नाही. असा हात हल्ली राहिला नाही हो." बटाटे आले. पाय दोनदा. "बटाटे मात्र कालचे. परत घेऊन जा म्हणावं." मेहुणीने चाखून पाहिले आणि ओरडलीच, "अगं बाई, खरंच की!" साडूचा चेहरा पार उतरला.

झालं, गडी हवेत गेला. तेवढ्यात मेहुणी म्हणाली, "ताई, नशीब काढलंस हं. एवढा दर्दी नवरा!"

"तिचं नशीब, माझे भोग!" तो मोठ्याने म्हणाला. "हिच्या हातचं खाऊन खाऊन जीभ मेली नाही, हीच देवाची कृपा. अहो, चव कशाशी खातात हे हिला जन्मात कळलं नाही. बाहेर पडलो की कुठं जिवात जीव येतो."

सगळे खो-खो हसले. ताटल्या उचलायला आलेला वेटरसुद्धा हसला. बायकोही हसली, आणि टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत बसली.

परतताना ती हळूच म्हणाली, "त्यांच्यासमोर तसं बोलायला नको होतं."

"अगं, गंमत केली! तुला साधी गंमत कळत नाही? आणि असं बोललं की संशयही येत नाही."

"बरं," ती म्हणाली.

रविवारी दुपारी त्याने बार शोधला तोही असाच, नजरेने. कालव्याच्या काठाला, बुटका, लाकडी. बारवाला स्टुलावर बसून पेपर वाचतोय, गाणं हळू लागलंय, आणि कितीही वेळ बसा, उठा म्हणायला कुणी येत नाही. "व्वा, साडूभाऊ, मानलं!" साडू म्हणाला. बिअर आली, चौघांना माशाचं सूप आलं. हा हात धुवायला आत गेला.

मागे काय झालं ते त्याला नंतर कळलं, आपण आत्ताच बघून घेऊ. साडूने टेबलावरच्या वाडग्यातल्या साखरेच्या पुड्या घेतल्या आणि एकेक करून याच्या सुपात रिकाम्या केल्या. ढवळलं. मग मेहुणीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि बायकोकडे वळून म्हणाला, "ताई, गंमत आहे हं. साधी गंमत."

बायको थोडा वेळ त्या सुपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्याने काय होतंय? अजून दोन टाका."

साडूचा हात क्षणभर अडला. मग त्याने अजून दोन टाकल्या.

हा आला, बसला, नॅपकिन मांडीवर पसरला. समोर दोघांचे चेहरे दगडासारखे. बायकोने आपल्या सुपाचा चमचा तोंडात घातला आणि टेबलाखाली पाय दाबला. एकदाच, चांगला घट्ट.

त्याने घोट घेतला, डोळे मिटले. "अहाहा! मासा ताजा आहे. आणि मीठ बघा, कसं बेताचं. ना कमी, ना जास्त."

"नीट चाखा, साडूभाऊ. घाई नको."

त्याने बायकोकडे पाहिलं. पाय पुन्हा एकदाच दाबला गेला.

"अहो, केस पिकले या धंद्यात! या जिभेला अजून कुणी फसवलं नाही," तो म्हणाला, आणि वाटी तोंडाला लावून तळापर्यंत रिकामी केली.

साडूने मुठीतल्या फाटक्या पुड्या टेबलावर टाकल्या. मेहुणी फिस्सकन हसली आणि मग कुणीच हसेना म्हणून गप्प झाली. साडूचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "उद्या सकाळी आधी माझ्या खोलीत या. आणि त्या मदतनीस मुलीला बरोबर आणू नका."

त्याचे कान तापले. त्याने टेबलाखाली पाय पुढे सरकवून तिचा पाय शोधला. तिने आपले पाय केव्हाच खुर्चीखाली ओढून घेतले होते.

"अगं..." तो म्हणाला.

तिने वेटरला हाक मारली. सूप आवडलं, अजून एक वाटी आण, म्हणाली, आणि पावही आण. उभ्या आयुष्यात तिने असं स्वतःसाठी काही मागवलेलं त्याने पाहिलं नव्हतं. सूप आलं. ती सावकाश जेवू लागली. पाव मोडायचा, बुडवायचा, चावायचा, घाई म्हणून नाही. साडू कालव्याकडे बघत बसला, मेहुणी ग्लासाकडे. हा एकटाच तिच्या तोंडाकडे बघत होता, तिच्या भुवयांकडे, ओठांकडे. त्याला काहीच वाचता येईना.

शेवटी त्याला राहवलं नाही. "कसं आहे?" त्याने अगदी हळू विचारलं.

"तुम्हाला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली, आणि पावाचा पुढचा तुकडा मोडला.