उजव्या चाकाचा आवाज

“पाय टेकतात का बघ,” फिटर म्हणाला.

खुर्चीत बसलेल्या सात वर्षांच्या मुलीनं वाकून खाली पाहिलं. पाय अधांतरी लोंबत होते.

“कुठले टेकतात? तुमची फळी पार पाताळात आहे, काका.”

“वर घेऊ की मग.”

फिटर फरशीवर गुडघे टेकून बसला. तीस वर्षं पंप दुरुस्त करून गुडघे कामातून गेले होते, पण बसायची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. खिशातून पक्कड काढून तो चाकाच्या खुर्चीची पाय टेकायची फळी न्याहाळत राहिला. हात काही पुढे होईना.

ही खोली वस्ती निधीची. आसपासच्या शंभरेक घरांनी मिळून हा निधी उभा केला होता. कुणी दरवर्षी जमेल ते द्यायचं, कुणी घरात वापरायची थांबलेली वस्तू आणून द्यायचं: कुबड्या, वॉकर, आजारी माणसाची खाट. निधीच्या दवाखान्याचा पाण्याचा पंप बंद पडू द्यायचा नाही, हे फिटरच्या घरचं देणं. निधीची एक पद्धत होती. देणारं घर आणि घेणारं घर समोरासमोर बसायचं. देणाऱ्यानं वस्तू आपल्या हातानं घेणाऱ्याच्या मापाला लावून द्यायची. मग निधीतल्या बाई देणाऱ्या घरातल्या एकेकाला विचारायच्या, “दिलं?” एकाच्या जरी तोंडून ‘दिलं’ आलं नाही, तर वस्तू परत घरी. का, म्हणून कुणी विचारायचं नाही.

मागच्या महिन्यात ते फिटरच्या तोंडून आलं नव्हतं. हीच मुलगी होती, तिचे हेच आईबाप होते. बायको ‘दिलं’ म्हणून मोकळी झाली, आणि हा रिकामी खुर्ची ढकलत सरळ घरी गेला. मुलीचा बाप घरं रंगवायचं काम करायचा. तो मुलीला पाठुंगळी घेऊन आला होता, तसाच पाठुंगळी घेऊन परत गेला. त्या दिवसापासून बायको फिटरशी कामापुरतंच बोलत होती.

खुर्ची साहेबांची होती. साहेब म्हणजे फिटरची एकुलती एक लेक. तिला चालता येत नव्हतं, पण खुर्चीत बसून अख्खं घर ती चालवायची, म्हणून बापानं हे नाव ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि चार दिवसांत साहेब गेल्या. चौदा वर्षांच्या होत्या.

“अहो, घेताय ना वर?” बायको भिंतीला टेकून उभी होती, तिथूनच म्हणाली.

“घेतोय.”

फळी दोन नळ्यांवर बसवलेली होती आणि नळ्यांना एकाखाली एक भोकं होती. ज्या भोकात पिन घालावी, त्या उंचीला फळी राही. खुर्ची घरी आली तेव्हा साहेब सहा वर्षांच्या होत्या आणि भोक एकच होतं. पुढं दर वाढदिवसाला फिटरनं बोटभर खाली नवं भोक पाडलं. साहेब पाय टेकवून बघायच्या आणि शेरा द्यायच्या, “ठीक आहे. काम चालेल.”

त्यानं चौदाव्याची पिन काढली. वरच्या भोकात घातली.

“आता?”

“नाही.”

बाराव्याला आणली. त्या वर्षी साहेबांनी पंपाच्या ठेकेदाराच्या घोट्यावर चाक घालून वर त्यालाच सुनावलं होतं, वाटेत कशाला उभे राहता म्हणून.

“आता?”

“काका, तुम्ही थोडं थोडं का घेता? एकदम घ्या की.”

“एकदम नाही घेता येत गं,” फिटर म्हणाला.

त्यानं एकेक भोक वर घेतलं. अकरा. दहा. नऊ. दर वेळी पिन काढायची, शर्टाला पुसायची, आत घालायची. रंगारी आणि त्याची बायको एकमेकांकडे बघत होती. आठ. सातव्याला मुलीच्या चपलांची टोकं लागली. सहाव्याला पावलं सपाट टेकली.

“टेकले,” मुलगी म्हणाली. “ठीक आहे.”

फिटरनं मान खाली घालून ती पिन पुन्हा एकदा दाबून बघितली.

रंगारी माणूस भला होता, पण गप्प राहणं त्याला जमत नसावं. वाकून नळीकडे बघत त्यानं विचारलं, “हे सगळ्यात खालचं भोक एवढं चकचकीत कसं हो? बाकीची काळी पडलीत.”

“ते वापरलेलं नाही.”

साहेबांच्या पंधराव्या वाढदिवसाला फिटर बाहेरगावी कामावर असणार होता. म्हणून त्यानं ते दोन महिने आधीच पाडून ठेवलं होतं.

“आमच्या बाईसाहेबांना लागेल का ते कधी?”

“लागू दे,” फिटर म्हणाला.

निधीतल्या बाईंनी कागद पुढं ओढला. वस्तूच्या खोडी लिहून घ्यायची इथं रीत होती, म्हणजे नव्या घराला त्रास नको. “खोडी काय काय, सांगा.”

“डावा ब्रेक उशिरा लागतो,” बायको म्हणाली. “आणि उजवं चाक कुईकुई करतं.”

“करायचं,” फिटर म्हणाला. “आता नाही करत.”

बायकोनं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

त्या चाकाला साहेबांनी कधी तेल घालू दिलं नव्हतं. तो माझा हॉर्न आहे, म्हणायच्या. फिटरच्या घरात चाक कुईकुई करतं, म्हणून शेजारी हसायचे. पण त्या आवाजावरून घरात कळायचं, साहेब आता खिडकीशी आहेत, आता स्वयंपाकघरात तपासणीला आल्या.

“कधी घातलंत तेल?”

“सकाळी. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा.” तो अपराध्यासारखा म्हणाला, “दुसऱ्याला द्यायची वस्तू. आवाज करणारी कशी द्यायची?”

बायको हळूच म्हणाली, “मला एकदा ऐकवायचं तरी होतंत.”

बाईंनी लिहिलेलं एक वाक्य खोडून टाकलं.

काय करावं न सुचून फिटरनं फडकं घेतलं आणि खुर्चीची मूठ पुसायला लागला. “उताराला दोन्ही ब्रेक लावत जा,” तो रंगाऱ्याला म्हणाला.

“हो हो. मघाशी सांगितलंत की.”

“नाही, डावा जरा उशिरा लागतो ना. दोन्ही लावायचे.”

“हो हो.”

आणि फिटरचा हात थांबला. हा ‘हो हो’ त्याच्या ओळखीचा होता. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत तो स्वतः तसाच म्हणाला होता. समोर करड्या स्वेटरातला एक माणूस होता. तो हीच मूठ पुसत होता, पुन्हा पुन्हा ब्रेकचं सांगत होता, आणि खुर्ची सोडता सोडत नव्हता. बाहेर पडल्यावर फिटर बायकोला म्हणाला होता, “खुर्ची देतोय का किडनी?” दोघं रस्ताभर हसली होती. पुढं घरात कुणी एखादी वस्तू धरून बसलं की म्हणायचं, झाला बघा स्वेटरवाला. साहेबसुद्धा म्हणायच्या.

तो स्वेटरवाला नवीकोरी दिसणारी लहान मुलाची खुर्ची का देऊन टाकत होता, हे नऊ वर्षांत फिटरच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याच्या मागं भिंतीला टेकून एक बाई उभी होती. तिचा चेहरा त्याला आता कितीही आठवून पाहिला तरी आठवेना.

त्यानं मागं वळून पाहिलं. भिंतीला टेकून त्याची बायको उभी होती.

“विचारू?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी आधी बायकोला विचारलं, “दिलं?”

“दिलं.”

“फिटर, तुम्ही?”

रंगाऱ्याची बायको खाली फरशीकडे बघत होती. रंगाऱ्यानं न सांगताच मुलीला पाठुंगळी घ्यायच्या तयारीनं बाह्या मागं सारल्या. फिटरची मुठीवरची बोटं सुटेनात.

मुलीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “काका, हात काढा की. मला जायचंय.”

साहेबांनीही असंच सांगितलं असतं.

“दिलं,” फिटर म्हणाला, आणि त्यानं हात काढला. हाताचं काय करावं ते न कळून त्यात फडकं धरून ठेवलं.

खुर्ची दाराबाहेर गेली, उतरणीवरून खाली रस्त्याला लागली. रंगारी दबक्या आवाजात बोलला, पण आत ऐकू आलं. “सुटलो बाबा एकदाचे. मला वाटलं, आजपण घेऊन पळतो का काय हा माणूस.” त्याची बायको गप्प बसा म्हणाली, आणि मग तिलाही हसू आवरलं नाही. मुलगी तर खदखदून हसली.

बाई ओशाळून दार लावायला उठल्या.

“राहू द्या उघडं,” फिटर म्हणाला. “हसू द्या त्यांना.”

बायको भिंतीपासून निघून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. हसणं लांब लांब जात होतं. मधेच मुलीचा आवाज आला, “डावीकडून घ्या बाबा, खड्डा दिसत नाही का?” मग तोही ऐकू येईनासा झाला.

दोघं कान देऊन उभी राहिली. तेल चांगलं मुरलं होतं. चाकाचा आवाज कुठूनच आला नाही.