पुढच्या वर्षीच्या खिचडीचा टोप

मी पितळेचा टोप. बुडाला जाड आणि तोंडाला फटकळ. टोपाला शाळेत कोण घालतंय. जे शिकलो ते चुलीवर आणि लोकांच्या ओट्यावर. त्यामुळे गोडगोड बोलणं जमत नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर लागा आपल्या वाटेला.

मुरादाबादकडे ठोकून ठोकून मला गोल केला आणि करोल बागेतल्या एका भांडेवाल्याकडे आणून टाकला. तिथं मला हिंदीत 'पतीला' म्हणायचे, म्हणजे टोपच. एका रविवारी चार मराठी जोडपी दुकानात शिरली. पुरुष सगळे एकाच सरकारी खात्यातले, राहायला एकाच कॉलनीतल्या क्वार्टरांत. चौघांनी मिळून मला घेतला.

"शादी है क्या घर में?" दुकानदारानं विचारलं.

"शादी नहीं भाई, खिचडी है," चौघांतला शांताराम म्हणाला. तो तेव्हापासूनच असा. बोलायला एक नंबर.

खिचडी धुंदुर्मासाची. ऐन थंडीत, दिवस उगवायच्या वेळेला जेवायचं. माझ्यात मुगाची खिचडी, सोबत बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. दिल्लीत सूर्य कसला दिसतोय, धुकंच असायचं. पण माझ्यावरचं झाकण काढलं की सगळे हात शेकायला माझ्याभोवती गोळा व्हायचे. टोपाला आणखी काय हवं असतं?

आणि रिवाज असा होता, की जेवणं झाली की मला घासून पुसून, हळदकुंकू लावून पुढच्या वर्षीच्या घराला द्यायचं. रिकामा द्यायचा नाही, आत मूठभर डाळ-तांदूळ घालायचे. घेणाऱ्यानं दोन्ही हातांनी घ्यायचा आणि म्हणायचं, "पुढच्या वर्षी आमच्याकडे." मग वर्षभर मी त्या घरी. कल्हई लावून आणायची तीही त्यांनीच. ज्यानं टोप घेतला तो पुढच्या थंडीत इथं असणार, एवढा साधा हिशेब. त्याला सही-शिक्का लागत नव्हता.

निवृत्त व्हायची वेळ आली तसे क्वार्टर सोडायचे दिवस आले. चौघांतला तात्याराव साताऱ्याकडे परत जायच्या विचारात होता. शांतारामनंच त्याला दिल्लीशेजारच्या फरिदाबादला ओढला. माझ्यासमोर, माझ्यातली खिचडी खात.

"अरे तात्या, गावाला तुला आता ओळखतंय कोण? फरिदाबादला हक्काचं दार, दोन खोल्या जास्त, वर गच्ची. दिल्लीच्या पैशात तिथं ऐसपैस राहशील यार. आणि आम्ही सगळे आहोतच की."

तात्याराव कमी बोलणारा माणूस. त्यानं बायकोकडे, द्वारकेकडे बघितलं. ती म्हणाली, "भावोजी असतील तर चालेल." झालं. चारही कुटुंबं एकाच इमारतीत राहायला आली.

शांताराम सगळंच खोटं बोलला नव्हता, तेही सांगतो. स्वयंपाकघर मोठं मिळालं. क्वार्टरमध्ये मला घासायला बाथरूममध्ये नेत, इथं ओट्याशेजारी बसवत. भाजीवाला नावानं हाक मारायचा. औषधाच्या दुकानात उधारी चालायची. पुढे मेट्रोही आली. पण पाणी असलं खारट, की माझ्या अंगावर पांढरे डाग पडले ते चिंचेनंही जाईनात. उन्हाळ्यात वीज गेली की माणसं जिन्यात येऊन बसत. आणि दिल्लीतले जुने सोबती म्हणत, "तुम्ही फार लांब गेलात." पहिल्या वर्षी आले, दुसऱ्या वर्षी त्यांनी फोन केला, मग तेही बंद. हे गाव म्हणजे ना धड शहर, ना धड खेडं. शेजारी सोबतीला असला तर ते गोड लागतं. नसला तर नुसती धूळ.

मग माणसं गळायला लागली. चौघांतला श्रीपाद पुण्याला गेला. त्याच्या घरची पाळी होती, तर त्यानं सरळ हात जोडले. "टोप मला देऊ नका. आम्ही उन्हाळ्यात निघतोय." त्याची बायको कुमुदिनी रडली, सगळे चिडले, पण खिचडी पोटात गेली. चौथ्या घरच्या इंदुमतीबाई नवरा गेल्यावर मुलीकडे गेल्या, त्यांनीही सांगून टाकलं. अशा माणसांवर मी का चिडू?

उरली दोन घरं. एकदा तात्यारावाकडे, एकदा शांतारामकडे, अशी माझी ये-जा सुरू झाली. गेल्या थंडीत तात्यारावाची पाळी होती. हवेत धूर इतका होता, की शांतारामची बायको चंद्रप्रभा गच्चीवर न येता जिन्याच्या तोंडाशी बसून जेवली. जेवण झाल्यावर तात्याराव म्हणाला,

"शांताराम, एक विचारतो. अक्षता मागे लागलीय. ठाण्याला तिच्या खालचाच फ्लॅट रिकामा झालाय. म्हणते, बाबा, आता या, नाहीतर मालक दुसऱ्याला देईल."

"मग?"

"मग काय. हिला जायचंय. मी म्हटलं, शांताराम राहणार असेल तर मी राहतो. त्याला एकटा टाकून जाणार नाही."

तिथं सांगून टाकायचं होतं. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं. पण शांतारामनं द्वारकेच्या हातून मला दोन्ही हातांनी घेतला. "पुढच्या वर्षी आमच्याकडे, वहिनी. वांगी मी स्वतः निवडून आणणार. तुमच्या तात्याला वांगी कळत नाहीत."

सगळे हसले. तात्यारावानं त्याच दिवशी मुलीला नाही म्हणून कळवलं.

आणि त्याच आठवड्यात मी शांतारामच्या ओट्यावर पालथा होतो, तेव्हा दलाल एका जोडप्याला घेऊन आला. ती बाई भिंतीवर टिचक्या मारत म्हणाली, "ये दीवार हटा देंगे, किचन खुला हो जाएगा." शांताराम म्हणाला, "बिल्कुल, आपका घर है." ठरलेलं होतं सगळं. खिचडी खाल्ली तेव्हाही ठरलेलं होतं.

ते गेल्यावर चंद्रप्रभा म्हणाली, "भावोजींना आज सांगा."

"सांगतो."

"कधी? त्यांनी अक्षताला नाही म्हटलंय. अजून फोन करता येईल."

"मीच त्याला इथं आणलंय ना. कुठल्या तोंडानं सांगू? तुझ्या दम्याचं कारण सांगितलं तरी तो एवढंच म्हणेल, जा. आणि तसाच बघत बसेल."

"मग बघू दे. बघण्यानं माणूस मरत नाही."

शांतारामनं टीव्ही लावला. मला तोंड असतं ना, तर त्या दिवशी सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असतं. तात्यारावाचं दार एक मजला खाली, आणि मी ओट्यावर भांड्यासारखा गप्प.

पुढे कित्येक महिने तो रोज संध्याकाळी तात्यारावाबरोबर फिरायला गेला. येताना दारात उभं राहून त्याला सांगायचा, "बघ, इथं कशी हवा सुटते. ठाण्यात घामानं मेला असतास." स्वतःची नेण्याची भांडी आत खोक्यात भरत होता.

पावसाळ्याच्या अखेरीला द्वारकेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सकाळी हॉस्पिटलला जायला रिक्षा शांतारामनंच बोलावली. द्वारकेचा हात धरून तिला बसवली. "घाबरायचं नाही, वहिनी. संध्याकाळी चहाला येतो." रिक्षा वळली आणि मागच्या गेटानं ट्रक आत आला. मुहूर्त काढल्यासारखा तोच दिवस धरला होता त्यानं.

मला ट्रकमध्ये घातला नाही. चंद्रप्रभानं आत मूठभर डाळ-तांदूळ घातले, डोळे पुसले आणि मला वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं. संध्याकाळी द्वारका काळा चष्मा लावून उतरली. वॉचमन मला घेऊन पुढे आला.

"बाबूजी, ऊपरवाले अंकल आपके लिए छोड़ गए हैं. पूना चले गए. आपको तो पता होगा."

"हां, पता है," तात्याराव म्हणाला.

घरी येऊन त्यानं ते डाळ-तांदूळ बाल्कनीत कबुतरांना टाकले. मग अक्षताला फोन लावला. तो फ्लॅट केव्हाच गेला होता. वरच्या मजल्यावर भिंत पाडायचे घण सुरू झाले तेव्हा द्वारका डोळ्यावर हात ठेवून पडून होती. तात्यारावानं तिला विचारलं, "डोळा दुखतोय का?" ती म्हणाली, "नाही."

आता पुन्हा धुंदुर्मास आलाय. कल्हई उडालीय, माझ्यात काही शिजवलं तर कळकेल, तोंडात घालवणार नाही. बाल्कनीत पालथा पडलोय. द्वारकेनं काल छोट्या कुकरमध्ये दोघांपुरती खिचडी लावली. तेवढ्यात शांतारामचा फोन आला. पुण्याहून. इतक्या महिन्यांत पहिला. आवाज तोच, एक नंबर.

"तात्या, झाली का रे खिचडी?"

"झाली की. टोपभर केली. वरची नवीन माणसं आली होती, खालचे चड्ढा होते, मुलंबाळं होती. गच्चीवर जागा पुरली नाही."

"अच्छा! वा. मग पुढच्या वर्षी कुणाकडे?"

"चढाओढ लागलीय," तात्याराव म्हणाला आणि फोन ठेवला.

द्वारका ताट घेऊन उभी होती. "खोटं कशाला बोललात?"

"खरं सांगितलं असतं, तर माफी मागून मोकळा झाला असता. मला नाही त्याला मोकळा करायचा."

मग दोघं जेवली. दिवस पुरता वर आला होता.

माझं एवढंच म्हणणं आहे. मला धुऊन-पुसून आता कुणाच्या घरी देऊ नका, मला हळदकुंकू नको. मोडीत घाला. भट्टीत सगळं पितळ एकत्र वितळतं आणि तिथं पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नाही.