कटकट मिटवणारं घर

घराच्या मागच्या अंगाला कुटुंबाचा चादरी धुण्याचा कारखाना होता. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी तिथे सकाळपासून धुतल्या जात. शनिवारी थोरल्या सुनेने यंत्रातून एक ओली चादर ओढली आणि तिचं मनगट काडकन मोडलं. ती पडली नव्हती की घसरली नव्हती. वय अवघं अडतीस.

"आजकालच्या पोरींच्या अंगात जीवच नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या स्वतः पाठीतून इतक्या वाकलेल्या, की समोरच्याशी बोलताना मान तिरकी करावी लागे.

या घराची एक रीत होती. दुसरं मूल झालं, की काही दुखण्याचं निमित्त काढून सुनेची गर्भपिशवी अंडाशयांसकट काढून टाकायची. मग महिन्याचे चार दिवस काम अडत नाही, पुढे रोगाचा घोर नाही. याला घरात 'कटकट मिटवणं' म्हणत. सासूबाईंची तिसाव्या वर्षी मिटली, थोरलीची सत्ताविसाव्या. आता दोन मुलं झालेल्या, सव्वीस वर्षांच्या धाकट्या सुनेचं ओटीपोट दुखत होतं, एवढं पुरे झालं. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं.

प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी थोरलीला विचारलं, "पाळी कधी थांबली?"

"अकरा वर्षं झाली. काढूनच टाकलंय सगळं."

बाईंचा हात थांबला. "हे बघा, हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. अंडाशयात तयार होणारं संप्रेरक त्या झिजेला आवर घालतं. ते एवढ्या लवकर गेलं, की झिजेला रान मोकळं. अंगात आतल्या आत सूज वाढते, तीही हाडच खाते. तुमची हाडं सत्तरीतल्या बाईसारखी झालीत. औषध देते, पण आधीच यायला हवं होतं."

"माझ्या जावेचं ओटीपोट दुखतं. काढायलाच लागतं का?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू? पुष्कळदा सूज असते, गोळ्यांनी बरी होते. आधी तपासू द्या."

रविवारभर थोरलीचा पाय एका जागी ठरला नाही. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला विचार." दिराला सांगितलं. तो म्हणाला, "दादाला विचार." दोघे भाऊ तसे कर्ते, पण बायकांच्या दुखण्याचं नाव काढलं की दोघांनाही कारखान्यात तातडीचं काम निघे. अकरा वर्षांपूर्वीही असंच निघालं होतं. थोरलीला स्वतःचाच राग आला, कारण तेव्हा तीही गप्प बसली होती.

सोमवारी सकाळी गाडी दारात आली. सासूबाईंनी धाकटीची बॅग स्वतः उचलली. थोरली दारात आडवी उभी राहिली.

"आई, ती आज जाणार नाही. आधी तिला नीट तपासून घेऊ."

"वेड लागलं का तुला? तुझं काय वाईट झालं?"

थोरलीने प्लास्टरचा हात पुढे केला. "हे झालं. आणि तुमची पाठ झाली. ती काही म्हातारपणाने वाकली नाही, आई. चाळिशीतच वाकली होती ना?"

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "मला कुठं कुणी विचारलं होतं?"

"मलाही नाही विचारलं," थोरली म्हणाली.

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली धाकटी पुढे आली. "मग मला तरी विचारा."

त्या घरात आजवर कुणी कुठल्या सुनेला हे विचारलं नव्हतं. आपल्या घरात विचारतात का, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं. सासूबाईंनी मान तिरकी केली, धाकटीकडे पाहिलं आणि विचारलं, "बोल बाई, काय करायचं?"

"मला तपासायला न्या," धाकटी म्हणाली. "कापायला नको."