हातभर उघडी भिंत

रोमला प्रत्येकाने आपापल्या परीने उत्तर दिलं. कुणी तलवार घेऊन डोंगरात गेलं, कुणी वाळवंटात जाऊन जगबुडीची वाट बघत बसलं, कुणी राज्यपालाकडे अर्ज धाडले. आमच्या गावाने चुन्याने उत्तर दिलं.

मुलांनो, दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन गिलाव्याविना का सोडतात, हे तुम्ही दरवर्षी विचारता आणि मी दरवर्षी सांगतो. यरुशलेममधलं देवाचं घर रोमी लोकांनी जाळलं, म्हणून आपण आपलं घर पुरतं सजवत नाही. आत येणाऱ्याची नजर आधी त्या उघड्या दगडांवर पडावी, एवढंच. पण एका हिवाळ्यात आमच्या गावाचं दुःख त्या चौकोनात मावेनासं झालं, ते सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हा गावचा मुखिया होता तोबिया, तेलाचा व्यापारी. त्याच्या घरी त्या जागेवर लाल गालिचा टांगलेला असे. "दुःखाचं प्रदर्शन मांडू नये," असं तो म्हणायचा. इतका विनयी माणूस.

शलोमीत मावशीकडे गालिचा नव्हता. यरुशलेम जळलं तेव्हा ती लहान होती. लोक भाकऱ्या आणि दागिने घेऊन पळाले. हिने बापाच्या घराचा एक काळवंडलेला दगड ओच्यात घालून आणला. "अक्कल बघा पोरीची," असं लोक तेव्हा म्हणाले आणि पुढेही म्हणत राहिले. मोठेपणी तो दगड तिने आपल्या उघड्या चौकोनाच्या मधोमध बसवून घेतला. रोज संध्याकाळी ती त्यावर तळवा टेकवायची आणि मग दिवा लावायची. बापाला कुठे पुरलं, पुरलं तरी का, हे तिला ठाऊक नव्हतं. होता तो एवढा दगड.

ऑलिव्ह उतरवून झाले आणि एक खेचरवाला बातमी घेऊन आला. सैन्याची तुकडी हिवाळाभर आमच्याकडे मुक्कामाला येणार होती.

"पलीकडच्या गावात घरोघर शिपाई घुसवलेत," तो म्हणाला. "फक्त अर्धवट बांधलेली घरं सोडली."

"अर्धवट म्हणजे किती अर्धवट?" हनान गवंड्याने विचारलं.

"गिलावा नसला की झालं."

तेलाच्या घाण्यापाशी सगळे मनातल्या मनात आपापल्या भिंती मोजू लागले. तोबियाने डोळे मिटले. "भावांनो, देवाच्या एवढ्या मोठ्या घरासाठी आपण हातभर जागा सोडतो! लाज कशी वाटत नाही आपल्याला?"

"मग मालक, तुमचं किती खरवडू?"

"चारी भिंती!" तोबिया गहिवरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावभर छिन्न्या वाजू लागल्या. देवाचं घर पडल्याची बातमी आली तेव्हासुद्धा इतका आकांत झाला नसेल. तोबियाचा गालिचा उतरवला, तर खाली गुळगुळीत गिलावा आणि वर रंगवलेली द्राक्षाची वेल.

"अरेरे! हे कुणी केलं?"

"मीच, मालक. तुम्ही शेजारी उभं राहून पानं मोजत होतात."

"आता तोंड बंद आणि हात चालू ठेव."

संध्याकाळी हनान मावशीच्या दारात आला. "मावशी, तुमच्याही भिंती खरवडून देतो. फुकटात."

"नको रे. मला माझं हातभर पुरतं."

तुकडी आली. तिचा नायक, शताधिपती व्हिबेनियस, आमच्या मुलखात म्हातारा झालेला, आमची भाषा गावंढळ उच्चारांत पण नीट बोलणारा. तो घरं बघत फिरला. मागे तोबिया हात चोळत होता.

"सरकार, काय सांगू, चुनाच संपला. सगळं गाव अर्धवट राहिलं."

मावशीच्या घरात शताधिपतीने त्या चौकोनाकडे बोट केलं. "इथे एवढ्याशाला चुना कमी पडला?"

"तिथेच संपला, सरकार! नेमका तिथेच."

शताधिपतीच्या डोळ्यांत दया दाटून आली. रोमी माणसाला दया आली की आपण सावध व्हावं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. "काळजी करू नका. सैन्याकडे गाड्या भरून चुना आहे. माझी माणसं खळ्यावर तंबू ठोकतील आणि तुमची सगळी घरं लिंपून देतील. घरं पुरी झाली की मग त्यांत राहतील."

सगळ्यांनी आभार मानले. दुसरं काय करणार?

मावशी तोबियाच्या मागोमाग घाण्यापर्यंत गेली. "त्याला सांग, माझा चौकोन मुद्दाम सोडलाय. तो लिंपायचा नाही."

"मावशी, असं केलं तर तो विचारेल, मग बाकीच्यांचं काय? आम्हाला खोटारडे ठरवेल!"

"ठरवू दे. आहातच."

"तुमचा एक दगड, इथे सगळ्या गावाच्या माना! आणि बघा, दुःख मनात असतं. भिंतीत थोडंच असतं?"

"परवा तर चारी भिंतींत होतं," मावशी म्हणाली आणि घरी गेली.

सकाळी एक शिपाई चुन्याची बादली घेऊन तिच्याकडे आला, मागून शताधिपती. मावशी त्या दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो म्हातारे. घर पुरं करून देतो."

"माझं घर पुरंच आहे."

दाराबाहेर आमची माणसं जमली होती, त्यांत तोबियाही. ती काय बोलली, हे तिला नीट कळत होतं.

"पुरं आहे? मग इथे माणसं ठेवावी लागतील."

"ठेवा. पण या जागेला चुना लागणार नाही. देवाच्या घराच्या दुःखात आम्ही एवढं उघडं सोडतो. एवढंच सोडतो."

शताधिपतीने दारातून समोरच्या घराकडे पाहिलं. तिथे जमिनीपासून आढ्यापर्यंत नुसते दगड. मग तो तोबियाकडे वळला. "तुमचं फारच मोठं दुःख दिसतंय."

"फार मोठं, सरकार," तोबिया पुटपुटला.

"मग त्याला हात लावणं बरं नाही. चुना परत न्या रे! माणसं आहेत तशाच घरांत राहतील."

तो हिवाळा आम्ही विसरलो नाही. दगडांच्या फटींतून वारा आणि पाऊस थेट अंथरुणात यायचा. शिपाई कुडकुडत शिव्या द्यायचे, आमची माणसं कुडकुडत ऐकायची. तोबियाचा गालिचा त्याच्याकडच्या शिपायांनी पांघरायला घेतला. दुःखाचं प्रदर्शन मांडू नये, म्हणून तोही काही बोलला नाही.

गावातलं सगळ्यात उबदार घर मावशीचं, तेव्हा शताधिपती तिथेच उतरला. पहिल्याच संध्याकाळी तिने नेहमीसारखा दगडावर तळवा टेकवला आणि दिवा लावला. तो बघत होता.

"हा एकच दगड काळा कसा?"

"तुमच्या लोकांनी लावलेल्या आगीने. माझ्या बापाचं घर होतं."

त्याने नजर वळवली. मग म्हणाला, "इथे काहीतरी टांगूया का?"

"नको. आत आलेल्याची नजर आधी त्याच्यावर पडायला हवी."

त्याने पथारी फिरवली आणि तोंड दाराकडे करून झोपला. पण दाराच्या फटीतून गार वारा थेट तोंडावर यायचा. थोड्या वेळाने त्याने निमूटपणे कूस बदलली. हिवाळाभर तो तसाच झोपला, त्या दगडाकडे तोंड करून.