अण्णांच्या सुया

दहाव्या दिवशी क्षिप्रेकाठी कावळा अण्णांच्या पिंडाला शिवेना. अंबरीशकाकांनी नातवाच्या मुंजीपासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळी आश्वासनं देऊन पाहिली. कावळा लिंबावर ढिम्म बसून होता.

लतिकाला कारण ठाऊक होतं. गुडघ्यांसाठी अण्णा देवासच्या एका डॉक्टरकडे चिनी पद्धतीच्या सुया टोचून घ्यायचे, आणि ही त्यांची लेक भर पंगतीत त्यांना टाचण्यांची उशी म्हणायची. "आधी टोचून घे, मग बोल," एवढंच ते म्हणत. तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

"अण्णा, टोचून घेईन," ती पुटपुटली. कावळ्याने मान वळवली. "बरं, दोन्ही गुडघ्यांत." कावळा खाली उतरला.

"जिद्दी होते हो तुमचे अण्णा," गुरुजी घाम पुसत म्हणाले.

पुढच्या सोमवारी डॉक्टर दीपेशनी पहिली सुई टोचली, तशी लतिका "मेल्या!" म्हणून ओरडली आणि ओशाळली.

"बस, इतना ही?" दीपेश हसले. "अण्णाजी तो मेरे पूरे खानदान को याद करते थे, दीदी."

घरी अण्णांच्या तोंडून 'गाढवा'पलीकडे कुणी काही ऐकलं नव्हतं. लतिकाने डोळे पुसले आणि दुसरा गुडघा पुढे केला.

"सांगा ना डॉक्टर, काय काय म्हणायचे?"